चित्र अजून ओलं आहे

गेल्या थंडीत मी रोज सकाळी जयपूरच्या मुरलीपुऱ्यातल्या घरातून रिक्षाने जुन्या शहरातल्या एका गल्लीत जायचे. तिथल्या एका हवेलीच्या भिंतीवर पाऊण तास असं काही ऊन पडायचं, की तिचा विटलेला गुलाबी रंग जागा व्हायचा. समोरच्या रजईवाल्याच्या बंद दुकानापाशी घडीची खुर्ची मांडून मी ते ऊन तैलरंगात पकडत बसायचे. पकडत म्हणजे आपलं म्हणायचं. बँकेतून निवृत्त झाल्यावर शिकलेली विद्या ती. चित्र बिघडलं की मी उन्हाला बोल लावायचे. नाचता येईना, अंगण वाकडं.

रेषा काढायच्या नाहीत, रंग घोटून एकजीव करायचे नाहीत, नुसते फटकारे शेजारी शेजारी ठेवायचे आणि काळ्या रंगाची ट्यूब घरीच विसरायची, एवढं मला कळलं होतं. एकदा रजईवाला कुलूप काढता काढता माझ्यामागे थांबला.

"माताजी, इस हवेली में नीला कहाँ है?"

मी ब्रशने सज्ज्याखालची सावली दाखवली. तो बराच वेळ बघत राहिला. "है तो," म्हणाला आणि त्याने शटर वर केलं. त्या दिवशी माझं दुसऱ्या कुणाशीच बोलणं झालं नाही. असे दिवस बरेच असायचे.

नवरा जाऊन तीन वर्षं झाली होती. मी मूळची नागपूरची, बदलीने इथे आले आणि इथलीच झाले. मुलगा जयपुरात वाढला आणि नोकरीसाठी पुण्याला गेला. दिवाळीत तो म्हणाला, "आई, आता पक्की इकडेच ये. मतलब, एकटी कशाला राहतेस? खोली रिकामीच आहे."

जावंसं वाटत नव्हतं असं नाही. पण सुनेच्या स्वयंपाकघरात साखरेचा डबा कुठे आहे हे विचारत फिरायची मला धास्ती होती. इथे मी एकटी असले तरी कुणाची पाहुणी नव्हते. म्हणून म्हणाले, "हातातलं चित्र पूर्ण होऊ दे."

चित्र डिसेंबरातच पूर्ण झालं. मग मी म्हणायला लागले, "अजून ओलं आहे रे, ओलं कसं हलवणार?" ही काही थाप नव्हती. जाड लावलेला तैलरंग आठवडेच्या आठवडे वाळत नाही. फक्त तो वाळत आला, की मी घरी बसून एखाद्या खिडकीवर नवा फटकारा ओढायचे. बँकेत इतकी वर्षं लोकांच्या सबबी ऐकल्या, त्यांचा उपयोग असा झाला. मुलगा "बरं" म्हणायचा. होळीपर्यंत हे असंच चाललं.

होळीनंतर ताप आला. दोन दिवस उठताच आलं नाही. दाराबाहेर अडकवलेल्या पिशवीत दूध तसंच राहून नासलं, पण बेल कुणी वाजवली नाही. तेव्हा मी घाबरले. मरणाला नाही, मेले तर ते कळायला लोकांना किती दिवस लागतील, याला. तिसऱ्या दिवशी भिंतीला धरत उठले आणि चित्राला बोट लावून पाहिलं. कोरडं होतं. तशीच फोनपाशी गेले.

"वाळलं रे चित्र. येते मी. कायमची."

तो म्हणाला, "अरे वा. मतलब... आई, त्या खोलीत आता हिची आई आहे. गुडघ्याचं ऑपरेशन झालं ना तिचं. तू दर वेळी ओलं आहे म्हणायचीस, तर आम्हाला वाटलं तुला यायचंच नाही."

"बरं झालं," मी म्हणाले. "नाहीतरी एका खिडकीचं काम राहिलंच आहे."

"हां, मग आरामात कर," तो म्हणाला, आणि त्याने सोडलेला सुटकेचा श्वास मला स्पष्ट ऐकू आला. मी तो लगेच ओळखला. दिवाळीपासून त्याचा प्रत्येक फोन ठेवल्यावर मीही तसाच सोडत होते.