नागूची कांडपाची कॅसेट

दिग्गी गावच्या नागू वेळीपला तालुक्यात सगळे ‘रामनगरच्या उमाजीचा स्पीकरवाला’ म्हणत. १९८६ पासून तो लग्नामुंजीत उमाजीचे लाऊडस्पीकर बांधायचा. हिवाळ्यात तेच स्पीकर गोव्याच्या किनाऱ्यावर परदेशी पाहुण्यांच्या नाचाला जात. तिथे वाजणारं हाऊस संगीत, तो न थांबणारा चार ठोक्यांचा ताल, नागूच्या अंगात भिनला. दोन टेपांवरच्या कॅसेटी ठोका न चुकवता एकमेकींत मिसळायला तो बघून बघून शिकला. पाहुणे त्याला खास बोलावू लागले. पण ती गाणी दुसऱ्यांची होती. आपण बनवलेल्या तालावर माणसं नाचलेली त्याला पाहायची होती.

१९९३च्या दिवाळीनंतर तो टेपरेकॉर्डर घेऊन घरी आला. आई फुला आणि वहिनी देवकी भात कांडताना एकाच उखळात आळीपाळीने मुसळ घालत. तोच ठोका त्याला हवा होता. आवाज स्वच्छ यावा म्हणून भात न घालता नुसतंच कांडा, असं त्याने सांगितलं. फुलाने मुसळ भिंतीला टेकवलं.

“रिकाम्या उखळात मुसळ घालतात व्हय रे? घरात उपास आणतोस?”

“भात घालूनच कांडूया. तूस भावजींच्या गोऱ्यांना घालूया की खायला,” देवकी म्हणाली.

शेवटी भात घालूनच कांडप झालं. कॅसेट ऐकताना नागूच्या ध्यानात आलं, की आवाज एकसारखा राहत नाही. आधी कोरडा, तूस सुटू लागलं की खसखसता, शेवटी जड. एकच ठोका कापून पुन्हा पुन्हा जोडायचा बेत त्याने सोडून दिला. एका पाहुण्याकडून ठोके वाजवणारं रिदम मशीन मागून आणलं. बायका मध्येच वेग बदलत, म्हणून त्याने मशीनलाच त्यांच्यामागून चालवलं. महिनाभर खपून अर्ध्या तासाची कॅसेट झाली.

जानेवारीत किनाऱ्यावरच्या नाचात त्याला सकाळची पाळी मिळाली आणि त्याने ती कॅसेट लावली. दहा मिनिटांत निम्मी माणसं वाळूत बसली, काही चहाला गेली. उमाजी धावत आला.

“नाग्या, बदल ती कॅसेट. पुढच्या बारीला कोण बोलवंल आपल्याला?”

“अण्णा, भात अजून कांडून झालं न्हाई. तांदूळ होऊ दे.”

उमाजीने बटणाकडे हात नेला. नागूने टेपवर पंजा ठेवला, तो उचलला नाही. ठोका जड होत गेला तसे वाळूतले दहाबारा जण उठले आणि कॅसेट संपेपर्यंत नाचले. बाकीचे आले नाहीत.

नाचलेल्यांतली एक बाई, हे संगीत कुणाचं, असं विचारत आली.

“ह्याच्या आईचं,” उमाजी म्हणाला.

“व्हय,” नागू म्हणाला, “आनी माझं.”