आमच्या पेपरातला तुरा

साताऱ्यात एका दैनिकाच्या डेस्कवर बसून मला बरीच वर्षं झाली. इथली बातमी दुसऱ्या दिवशी शिळी होते, किस्से मात्र साचत जातात. 'तुरा' या एका शब्दाचेच इतके साचलेत की आठवले तरी डोकं फिरतं.

कडेगावकडचे आमचे वार्ताहर शब्बीरभाई. कुणी काहीही जिंकलं की यांचं हेडिंग ठरलेलं: 'गावाच्या शिरपेचात मानाचा तुरा'. एकदा एकाच दिवशी एकाच गावाचे तीन तुरे आले. मी फोनवर भडकले, "शब्बीरभाई, गावाला डोकं एकच असतं हो."

"मॅडम, ते तरी कुठं हाय? म्हणून तर तुरं लावतोय."

*

गेल्या हिवाळ्यात पहिल्या पानावर उसाचा मोठा फोटो छापला. उन्हात चमकणारे रुपेरी तुरे, खाली ओळ: 'तुऱ्यांनी खुललं शिवार'. सकाळीच एका शेतकऱ्याचा फोन.

"आवं ताई, तुरा आला म्हंजी ऊस आतनं पोकळ पडाय लागला. तोडीची टोळी येईना, वजन घटतंय, आन तुमाला खुललेलं दिसतंय व्हय?"

मी माफी मागितली.

"माफी नगं. फोटोवाल्याला परत धाडा. आता माझ्या थोबाडाचा फोटू काढा, आन त्याच्याखाली बी 'खुललं' म्हणून छापा."

*

कराडजवळच्या एका वस्तीत नळाला पाणी येईना. बायकांनी अधिकाऱ्याला गाठून जाब विचारला. आमच्याकडं हेडिंग लागलं: 'अधिकारी-महिलांत रंगला कलगीतुरा'. म्हणजे सवाल-जवाबाची गाणीच जणू. मी नको म्हणत होते, पण संपादकांना ते खुसखुशीत वाटलं.

दुसऱ्या दिवशी त्यातल्या एक मावशी थेट ऑफिसात आल्या. रिकामी घागर संपादकांच्या टेबलावर ठेवली.

"कलगीतुरा ऐकायचाय न्हवं? ही भरून द्या, मग गाऊन दावते."

*

आणि साताऱ्यातला तो माजी सैनिकांचा सत्कार. स्टेजवर सगळ्यात वयस्कर होते सुभेदार आबा. काठी टेकत आले, पण बसले ताठ. प्रत्येक सैनिकाला तुऱ्याचा फेटा बांधला होता. तेवढ्यात प्रमुख पाहुणे असलेले पुढारी आले, सोबत त्यांचा पुतण्या. त्याला आमंत्रण नव्हतं, त्यामुळं एक फेटा कमी पडला.

संयोजकानं आबांच्या डोक्यावरचा फेटा तुऱ्यासकट उचलला. "आबा, तुमी काय घरचंच," म्हणाला, आणि पुतण्याच्या डोक्यावर ठेवला. पहिल्या रांगेत बसलेल्या माझ्या अंगाची लाही लाही झाली. मी उठून बोलणार, तोच आबांनी हातानंच मला खाली बसायची खूण केली.

मग फोटोची वेळ झाली. पुढारी आबांसमोर उभे राहिले. फोटोग्राफर म्हणाला, "आबा, साहेबांना एक कडक सॅल्यूट होऊन जाऊ द्या."

साहेबांनी उत्तरादाखल आपला हात आधीच कपाळाला नेला होता. आबा काठी बाजूला ठेवून उठले, सावधान उभे राहिले. दोन्ही हात मांडीला चिकटलेले.

"उघड्या डोक्यानं फौजी सॅल्यूट मारत न्हाई."