गच्चीवरची खोली

सुमैय्या खालाला मी पहिल्यांदा पाहिलं ते दुबईच्या इंटरनॅशनल सिटीतल्या आमच्या बिल्डिंगच्या पॅसेजमध्ये, मान खाली घालून वाकून चालताना. छत तर चांगलं दहा फूट उंच! मला वाटलं, पाठ धरली असेल. कसलं काय! बाई जन्मली, वाढली लेबनॉनमधल्या पॅलेस्टिनी छावणीत. तिथल्या बोळांत विजेच्या तारा आणि पाण्याच्या नळ्या एकमेकांत गुंतून डोक्याशी लोंबतात. तीस वर्षं दुबईत शिवणकाम केलं, मोडकीतोडकी हिंदी शिकली, मान मात्र अजून त्याच बोळात.

आणि पाणी! बाथरूममध्ये बादल्या, पातेली, आइस्क्रीमचे डबे, सगळं काठोकाठ. तिचा मुलगा मोईन वैतागायचा. मी कशाला वैतागू? माझं माहेर मनमाड, आठ-आठ दिवसांनी नळ यायचा. "खाला, तू तर आमच्याच गल्लीतली गं," मी म्हणायची.

दुपारी माझे जेवणाचे डबे गिऱ्हाइकांकडे गेले की आम्ही चहा घेत बसायचो. डोळे मिटून ती छावणीत फिरायची. ही बेकरी, ही दवाखान्याची रांग, इथं वळलं की ऊन संपलं. नळाला खारट पाणी. वीज आली की धावाधाव. मग जिना, जिना, जिना, आणि गच्चीवर तिची खोली. ऐकता ऐकता मला डुलकी लागायची आणि मनमाडच्या गल्लीतून मी थेट तिच्या गच्चीवर पोचायची. दोरीवर ओले कपडे हलत असायचे आणि खाला हाक मारायची, "यल्ला, चल, वर ये!"

छावणीला पसरायला जागा नाही, म्हणून मुलाचं लग्न ठरलं की घरावर मजला चढवतात. पण खालाच्या तिथल्या घराच्या भिंतींना तडे गेले होते, आणखी मजला पेलणार नव्हता. तिथं राहणारी बहीण तीन वर्षं फोनवर विचारत होती, "तुझी खोली माझ्या धाकट्याला देऊ का? त्याचं लग्न अडलंय." खालाचं एकच उत्तर, "इन्शाल्ला, बघू." एकदा मी फाडकन बोलले, "अगं, देऊन टाक की! तू थोडीच परत जाणारेस?"

तिनं चहा तसाच खाली ठेवला. "परत जायला दुसरी जागा आहे का मला या जगात?"

मी जीभ चावली. मेलं माझं तोंडच असं.

गेल्या मंगळवारी बहिणीकडे वीज आली आणि फोन लागला. खाला बराच वेळ बोलली. मग मला हिंदीत म्हणाली, "दिली. होणाऱ्या सुनेला सांग म्हटलं, डावीकडचं पिंप आधी भर, वीज गेली की पंप बंद." फोनमधून बायकांचा आनंदाचा गलका ऐकू येत होता. खालाही हसत होती.

संध्याकाळी मी भाजी द्यायला गेले. बाथरूममध्ये बादल्या कोरड्या, ओळीनं पालथ्या घातलेल्या.

"खाला, पाणी नाही भरलंस?"

"कशाला? आता इथंच राहायचं. इथं नळ चोवीस तास असतो."

मला काही ते बघवेना. मी एक बादली सरळ केली आणि नळाखाली लावली.