डंपर निघून जाईपर्यंत

“एक पन नाय? अकरा वरसांत एक डंपर नाय तुझ्या फोटूत?”

“शेवंतीताई, मी खाडीचे फोटो काढतो. डंपरचे नाही.”

“मंग ते माती कुठं ओतत व्हते रं? खाडीतच ना? तुझ्या डोल्यांसमोर!”

कोपरीतल्या कुंडलिकच्या एका खोलीच्या घरी कोलशेतची शेवंती कोळीण उंबऱ्यातच उभी होती. आत यायला तयार नव्हती. कांदळवनावर भराव पडला आणि तिची खेकडे धरायची जागा बुजली, म्हणून गावातल्या पाच जणांनी बिल्डरवर दावा लावलेला. निकालाआधीची शेवटची सुनावणी उद्या. आणि मागच्या तारखेला बिल्डरच्या वकिलाने पुढे केलेला तो कुंडलिकचाच फोटो, प्रदर्शनात लागलेला, तारखेसकट. आरशासारखं पाणी, हिरवीगार कांदळं, एक बगळा. “यात भराव दाखवा,” वकील म्हणाला. कोणाला दाखवता आला नाही.

तीस वर्षं कुंडलिकने स्टेशनजवळच्या स्टुडिओत पासपोर्टचे फोटो काढले. ‘मान सरळ, हसू नका.’ स्टुडिओ बंद पडल्यावर त्याने खाडी धरली. भरतीची वेळ त्याला शेवंतीनेच शिकवलेली: तिथीची पाऊणपट कर, तेवढ्या वाजता पाणी भरतं. भरलेलं पाणी जरा वेळ निश्चल राहतं, त्यासाठी तो तीन-तीन तास चिखलात उभा राही. वारा पडेपर्यंत. डंपर निघून जाईपर्यंत, धूळ बसेपर्यंत. मग एक फोटो. कधी तोही नाही. भराव पुढे सरकला तसा त्याने ट्रायपॉड डावीकडे सरकवला. दरवर्षी थोडा.

“यांचं असंच,” चहा गाळता गाळता त्याची बायको माया म्हणाली. “मला ‘पसंत आहेस’ म्हणायला दोन वर्षं लावली. उजेड बरा नव्हता वाटतं.”

कोणी हसलं नाही.

“उद्या कोर्टात ये,” शेवंती म्हणाली. “तोंडानं सांग. डंपर व्हते, मी बगितले.”

“वकील विचारणार, मग फोटोत का नाहीत?”

“सांग ना. ते जाईपर्यंत थांबलो म्हनून सांग.”

कुंडलिकने भिंतीकडे पाहिलं. तिथे ओळीने अकरा खाड्या टांगलेल्या, एकाहून एक स्वच्छ. “म्हणजे हे सगळं खोटं, असं मीच सांगायचं? भर कोर्टात?”

“अहो, जा ना,” माया हळूच म्हणाली. “जे पाहिलंत तेच सांगायचंय.”

“जाईन. नाही कुठे म्हणतोय?” त्याने चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, परत घातला. “पण उद्याच्या उद्या कसं? ताई, पुढची तारीख मागून घ्या. तोवर मी नीट विचार करतो. थोडं थांबलात तर...”

शेवंतीने पायात चपला सरकवल्या. मायाने पुढे केलेला कप तिने घेतला नाही. ती जिना उतरून गेली.