चौतीस मिलिमीटर

कात्रज घाटाच्या पायथ्याशी असलेल्या सोसायटीत प्रेमलाला सगळे ‘पाऊसकाकू’ म्हणत. त्यात कौतुक कमी आणि चेष्टा जास्त. तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झाल्यावर तिने गच्चीवर, जिन्याच्या दारालगत, पाऊस मोजायला रेषा आखलेली एक पारदर्शक नळी बसवली होती. मे महिन्यात सरकारी अंदाज यायचा : जिल्ह्यात तुरळक ठिकाणी मेघगर्जनेसह पाऊस. पण वळीव लहरी. एका चौकात धो धो कोसळेल आणि पुढच्या चौकात धूळही बसणार नाही. ते तुरळक ठिकाण कोणतं, हे ढग फुटेपर्यंत कोण सांगणार? प्रेमलाला एवढंच ठाऊक होतं, की घाटाच्या पायथ्याशी पडलेलं पाणी ओढ्यातून खालच्या जुन्या पुलापाशी पोचायला तासभर घेतं. चार उन्हाळे तिने वेळा टिपल्या होत्या.

पुलाशेजारच्या इमारतीत, तळमजल्यावर, तिची मुलगी ऋतुजा राहायची.

आधी दोघी एकत्रच होत्या. मग एकदा हिंजवडीत विजा कडाडल्या, ऋतुजाने मीटिंगमध्ये फोन उचलला नाही, आणि प्रेमलाने सरळ तिच्या ऑफिसच्या रिसेप्शनला फोन लावून पोरगी सुखरूप आहे का म्हणून विचारलं. ती चौकशी माइकवरून अख्ख्या मजल्यावर ऐकू गेली. त्या आठवड्यात ऋतुजाने खोली घेतली. जाताना शांतपणे म्हणाली, “आई, तुझा फोन वाजला की मला काम सुचत नाही. आता मी करीन तेव्हाच बोलू.”

त्याला दहा महिने झाले होते. फोन आला नव्हता.

उरला होता तो ओढ्याकाठच्या लोकांचा व्हॉट्सॲप ग्रुप. ऋतुजा त्यात होती. काही लिहीत नसे, पण वाचत असे. प्रेमला निरोप टाकायची आणि तो कुणी कुणी वाचला ती यादी उघडून एकच नाव शोधायची. नाव दिसलं की त्या दिवशी जेवण जायचं. म्हणूनच की काय, तिचे इशारे वाढत गेले. एप्रिलमध्ये तीनदा तिने ‘सामान वर हलवा’ लिहिलं आणि तिन्ही वेळा ओढ्यात डबकंसुद्धा साचलं नाही.

पुलाखालच्या गॅरेजवाल्या अमीनभाईंनी लिहिलं, “काकू, आठ गाड्या तीनदा वर चढवल्या. जिमचे पैसे वाचले. आभारी आहे.”

ग्रुप चालवणाऱ्या महिपतीने फोनच केला. “काकू, राग मानू नका. पर तुमी निस्ता आकडा टाका. सल्ला नको. लोकं आता वाचायची बंद हुत्याल.”

ऋतूही बंद होईल, एवढंच प्रेमलाच्या मनात आलं. तिने कबूल केलं.

त्या रविवारी सकाळपासून अंगाला चिकटणारा उकाडा होता. दुपारी घाटावर ढग कोबीच्या गड्ड्यासारखा फुगत गेला आणि तीनला त्याचं बूड काळं पडलं. चारनंतर गार वारा सुटला आणि पाऊस कोसळू लागला. प्रेमलाने दर दहा मिनिटांनी नळी वाचली, रिकामी केली, आकडा टाकला. सहा. अकरा. सतरा. अर्ध्या तासात चौतीस मिलिमीटर. इतकं तिच्या वहीत कधीच नव्हतं.

“इथे लख्ख ऊन आहे, काकू,” अमीनभाईंचं उत्तर आलं.

तिला लिहायचं होतं : ‘ऋतू, बाहेर पड’ एवढे तीनच शब्द. पण ते वाचून पोरगी नेहमीचंच म्हणून मोबाइल उलटा ठेवील, ही भीती पाण्याहून मोठी होती. तिने फक्त लिहिलं : “अर्धा तास. ३४.”

मिनिटभराने निरोप आला. ग्रुपवर नाही, तिच्या एकटीच्या नावावर.

“आई, खरंच चौतीस?”

दहा महिन्यांनी ‘आई’. प्रेमला पायरीवर बसली.

“हो.”

“दारं वाजवते सगळ्यांची. तू आकडे देत राहा.”

पाऊण तासाने पुन्हा निरोप. “आलं. खोलीत कमरेएवढं. आम्ही सगळे तिसऱ्या मजल्यावर. अमीनभाईंच्या गाड्या पण निघाल्या. वर किती?”

“नऊ.”

“अजून?”

“चार.”

दर दहा मिनिटांनी ऋतू विचारत होती आणि प्रेमला सांगत होती. ओली साडी पायांना चिकटली होती, तरी जिन्यातून हलावंसं वाटेना. मग थेंब विरळ झाले, पत्र्यावरचा आवाज मंदावला. तिने घाटाकडे पाहिलं. अजून एखादी सर यावी, छोटीशी, असं मनात आलं आणि तिलाच धस्स झालं. खाली लोकांचे संसार पाण्यात होते.

नळी कोरडी होती. ती थोडा वेळ तशीच धरून उभी राहिली. मग ‘शून्य’ लिहून पाठवलं.

ऋतूने वाचलं. उत्तर आलं नाही.

ग्रुपवर जोडलेल्या हातांची रांग लागली. अमीनभाईंनी लिहिलं, “पुढच्या वेळी दहादा चढवीन, काकू.” प्रेमलाने त्यातलं एकेक नाव सावकाश वाचलं. घाटावरचं आकाश स्वच्छ होत आलं होतं, पिंजलेल्या कापसाएवढाही ढग उरला नव्हता, आणि ती तिकडेच बघत होती.