तीन पाळ्यांतला हिरो

बोईसरच्या एमआयडीसीत पाळ्या करणारी चार माणसं एका खोलीत राहिली की किस्से मुद्दाम घडवावे लागत नाहीत. ते आपोआप साठतात, कोपऱ्यातल्या न धुतलेल्या मोज्यांसारखे! आमच्या खोलीतले निम्मे किस्से तर एका जपानी खेळण्याचे आहेत.

नव्वद सालानंतरची गोष्ट. हरेश्वर, म्हणजे आमचा हऱ्या, चिंचणीचा. त्याचे भावोजी जहाजावर नोकरीला. त्यांनी जपानहून हातात मावणारा एक व्हिडिओ गेम आणला आणि पुन्हा जहाजावर जाताना हऱ्याकडे ठेवायला दिला. "मी येईस्तोवर सांभाळ," एवढंच म्हणाले. खेळू नकोस, असं काही म्हणाले नाहीत. मग काय, हऱ्याला रानच मोकळं!

त्यात एक पोरगा आईचा निरोप घेऊन घराबाहेर पडतो. वाटेत भेटतील ती भुतं मारायची, हत्यारं घ्यायची, आणि शेवटी किल्ल्यातल्या मोठ्या राक्षसाला संपवायचं. हे सगळं आम्ही चित्रांवरून ताडलेलं. अक्षरं सगळी जपानी होती.

* * *

पहिल्याच दिवशी पोरगा राजाच्या दरबारात गेला. राजा जो बोलायला लागला तो थांबेचना. बटण दाबलं की नवं वाक्य, पुन्हा दाबलं की पुन्हा नवं.

"काय बोलतोय रे हा?" हऱ्या वैतागला.

खोलीतला तिसरा पार्टनर दुबे, बनारसकडचा, प्लांटमध्ये फिटर. तो खाटेवरून न उठता म्हणाला, "समझा नहीं? मैनेजर है! घंटाभर बोलेगा और एक लकड़ी देगा."

भाषण संपलं. राजाने पोराच्या हातात खरंच एक काठी दिली! त्या दिवसापासून दुबेला आम्ही जपानी भाषेचा जाणकार मानायला लागलो.

* * *

खाली काशीमावशींची खानावळ. मावशी एडवणच्या. जेवण झालं की हऱ्या तिथेच खेळत बसायचा आणि मावशी पोळ्यांचं पीठ मळता मळता त्याच्या खांद्यावरून बघायच्या.

या गेमची रीत अशी, की कुणाच्याही घरात सरळ घुसायचं, मडक्यात हात घालायचा आणि सापडेल ते खिशात टाकायचं. घरमालक शेजारीच उभा असतो, पण चकार शब्द काढत नाही.

"हा तुमचा हिरो?" मावशी कडाडल्या. "लोकांच्या घरात घुसतो, मडकी चाचपतो, नि पायताण पन काढत नाय!"

पुढे कितीतरी दिवस हऱ्या खानावळीत शिरला की मावशी लाडवांचा डबा आत नेऊन ठेवायच्या.

* * *

चौथे तारेकाका. पालघरचे, आमच्या केमिकल कंपनीतल्या रिअ‍ॅक्टरवरचे सगळ्यात जुने ऑपरेटर. त्यांनी गेमलाही प्लांटचे नियम लावले. पाळी बदलली की रीतसर चार्ज द्यायचा. पोरगा कुठे उभा आहे, औषध किती उरलंय, पुढे कुठलं भूत आहे, सगळं सांगितल्याशिवाय अंघोळीला जायचं नाही.

पोराने भुतं मारून तलवारीपुरती नाणी जमवली. तेवढ्यात हऱ्याची ड्युटी लागली. तो परत येऊन बघतो तर पोराच्या डोक्यावर हेल्मेट! पुन्हा नाणी साठली, तर काकांनी ढाल घेतली. मग चिलखत.

"काका, आनि मारायचं कशानं?"

"आधी सेफ्टी," काका म्हणाले. "अपघात झाला तर रिपोर्ट तुझा बाप लिहिणार काय?"

अर्धा मुलूख त्या पोराने नखशिखान्त चिलखत घालून, राजाच्या काठीने पालथा घातला.

काकांचा दुसरा नियम म्हणजे, आवाज आला की आधी बंद, मग चौकशी. आयुष्य रिअ‍ॅक्टरपुढे गेलेलं. एकदा मावशींनी त्यांना कुकरपाशी बसवलं, तर पहिल्या शिट्टीला त्यांनी गॅस बंद केला. त्या दिवशी अख्ख्या खानावळीने भात चावून चावून खाल्ला.

* * *

गेमला चार पेन्सिल सेल लागायचे. ते उतरले की आम्ही उन्हात तापवून पुन्हा घालायचो. गच्चीवर ऊन येणारी एकच जागा, आणि तिथे मावशींचे बोंबील वाळत. हऱ्याने सेल बोंबलांच्याच ओळीत मांडले. दोन दिवसांनी गेमला असा वास यायला लागला, की दुबे नाकाला रुमाल बांधून खेळायचा. शाकाहारी माणूस बिचारा!

* * *

मग निरोप आला. भावोजी रविवारी संध्याकाळी गेम न्यायला येणार होते.

हऱ्याचा चेहरा पडला. पोरगा किल्ल्याच्या दारापर्यंत पोहोचला होता. "शेवट बघितल्याबिगर देनार नाय," तो म्हणाला. "जीव अडकलाय माझा त्यात."

रविवारी दुपारची जेवणं झाल्यावर सगळे खानावळीत जमलो. हऱ्या किल्ल्यात शिरणार, तोच मावशी आडव्या आल्या.

"आदी आयला भेटव त्याला. घरातून निघाला तो परत तोंड नाय दाखवलं. ती बिचारी दारात उबी हाय."

"मावशी, सगळी वाट उलटी जावं लागंल!"

"मग जा की. नायतर रातचं जेवन बंद."

हऱ्या मुकाट्याने मागे फिरला. पोरगा आईला भेटला, घरच्या खाटेवर झोपला. खाटेवर झोपवलं की खेळ तिथवर जपून राहायचा. गेम बंद करून पुन्हा लावला, तर पोरगा त्याच खाटेशी उभा दिसायचा. मग पुन्हा तीच सगळी वाट तुडवत आम्ही किल्ल्यात आलो.

राक्षस काही मरता मरेना. औषध संपलं. हऱ्याच्या हाताला घाम सुटला, बटणं निसटायला लागली.

"काका, तुमी थंड डोक्याचे. एवढा शेवटचा वार तुमी घाला."

काकांनी चष्मा पुसला, गेम हातात घेतला आणि वार घातला. राक्षस कोसळला! पडदा लुकलुकायला लागला, अख्खा किल्ला थरथरला आणि जोरात टुंई टुंई टुंई सुरू झालं.

काकांनी खटकन स्विच बंद केला.

हऱ्याच्या डोळ्यांत पाणीच आलं.

"काका! मर गया था वो!" दुबे ओरडला. "खुशी का बाजा था!"

"प्रेशर चढलं होतं," काका म्हणाले. "फुटला असता."

बाहेर भावोजींच्या स्कूटरचा हॉर्न वाजला. हऱ्याने गेम पुन्हा लावला. पोरगा आपल्या खाटेशी उभा होता आणि शेजारी त्याची आई.

मावशींनी वाकून बघितलं आणि पदराने तोंड पुसलं.

"हा बगा, आला की सुखरूप घरी! चला, पावन्यांना आत बोलवा, पानं वाडते."