तांदळांवर लिहिलेले नाव

साठी उलटल्यावर प्रथमच लेखणी हाती धरणाऱ्या बाईने स्वतःविषयी लिहावे, हे धाडसच. वाचकांनी क्षमा करावी. आयुष्यभर मुलींचे निबंध तपासले, पण स्वतःचे चार शब्द मांडण्याचा धीर झाला नाही.

माझे माहेरचे नाव वडिलांच्या आईचे. ती माझ्या जन्माआधीच गेली होती, आणि वडिलांना ती हाक घरात पुन्हा हवी होती. माहेरी, वेळणेश्वरात, त्या नावाचे कोणाला काही वाटत नसे. ऐंशीच्या दशकात लग्न होऊन रत्नागिरीत आले, तेव्हा ते एका संध्याकाळीत जुनाट ठरले.

"वहिनी, या नावानं हाक मारली की काठी टेकत कुणी म्हातारी येईल असं वाटतं हो!" नणंद म्हणाली. सगळे हसले.

"अगो, हल्ली मुलींची कशी छान छान नावं असतात," सासूबाई म्हणाल्या. "तुलाही शोभेल एखादं."

नणंदेने सुचवलेले नाव यजमानांनी ताम्हणात पसरलेल्या तांदळांवर अंगठीने लिहिले. आळीतल्या नुकत्याच झालेल्या दोन बारशांतही तेच ठेवले होते. मी पदवीधर, पण मला कोणी विचारले नाही.

पुढे वडील पिशवीभर आमसुले घेऊन भेटीला आले. अंगणातूनच त्यांनी सवयीने हाक मारली. मी धावत माजघरापर्यंत पोहोचले, तोच ओटीवरून सासरे म्हणाले, "व्याही, त्या नावाचं आमच्याकडे कुणी राहत नाही हो! नव्या नावानं बोलवा, येईल."

ते गमतीने म्हणाले होते. वडीलही हसले. मग परक्या घरी पत्ता विचारावा तशा आवाजात त्यांनी नवे नाव उच्चारले. मी बाहेर गेले. त्यानंतर ते मला नुसते 'बाळ' म्हणत. स्वतःच्या आईचे नाव त्यांनी मरेपर्यंत पुन्हा घेतले नाही.

आता माझी सून म्हणते, "आई, तुमचं नाव अगदी त्या काळातलं वाटतं. माझ्या सगळ्या मावश्यांच्या मैत्रिणी याच नावाच्या!" ती स्वतःचे नाव घेऊन या घरात आली, ते बदलावे असे कोणाच्या मनातही आले नाही. मला आनंद व्हायला हवा होता. तो पुरता झाला नाही, हे लिहिताना संकोच वाटतो. ज्या छानपणापायी माझ्या वडिलांची हाक गेली, तो एक पिढीही टिकला नाही.

तुमच्या घरात ज्यांची नावे बदलली, त्यांना आधी कोणी विचारले होते का?